शेजारी ठेवलेले चेहरे: लार्को संग्रहालयाची शंभर वर्षांची वाटचाल

पेरू देशाची राजधानी लिमा. तिथल्या पुएब्लो लिब्रे भागात पांढऱ्या भिंतींचा एक जुना वाडा आहे. भिंतींवर बोगनवेलीचे गच्च झुबके, मधे हिरवळ, आणि आत शिरायला हळूहळू चढत जाणारी वाट. दालनं पाहून झाली की पाहुण्यांना आणखी एका दारातून आत जाता येतं. बहुतेक संग्रहालयांत हे दार कुलूपबंद असतं, कारण त्याच्यामागे भांडार असतं. इथे ते उघडं आहे. आत जमिनीपासून छतापर्यंत कपाटं, आणि कपाटांत सुमारे 30,000 वस्तू, त्यांत मुख्यतः मातीची भांडी, विषयवार लावलेली. पक्षी पक्ष्यांच्या शेजारी, मासे माशांच्या शेजारी, मक्याची कणसं कणसांच्या शेजारी. आणि एका बाजूला माणसांची डोकी. रांगेमागून रांग, काचेआडून बघणारी.

ही डोकी म्हणजे पाणी किंवा पेय ठेवायची भांडीच. स्पॅनिशमध्ये त्यांना ‘वाको रेत्रातो’ म्हणतात. वाको म्हणजे जुन्या थडग्यांतून निघणारं मातीचं भांडं, आणि रेत्रातो म्हणजे व्यक्तिचित्र. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर साधारण इ.स. 100 ते 800 या काळात नांदलेल्या मोचे समाजाने ती घडवली. त्यांच्याकडे लेखनाची लिपी असल्याचं सिद्ध झालेलं नाही. कुंभाराचं चाक तर त्या खंडातच नव्हतं. तरीही मातीत माणूस ओळखू येईल असा चेहरा काढण्यात त्यांची बरोबरी करणारे प्राचीन जगात फार थोडे.

संस्थेची वाटचाल लिहायची तर संस्थापक, इमारत, विस्तार, मानसन्मान अशी वळणं घेत जाण्याचा प्रघात आहे. ती वळणं इथेही येतील. पण लार्को संग्रहालयाबद्दल मला मनापासून सांगायची आहे ती गोष्ट वेगळी आहे. 28 जुलै 1926 रोजी सुरू झालेल्या या संस्थेने शंभर वर्षं एक साधं काम निष्ठेने केलं: चेहऱ्याशेजारी चेहरा ठेवला. एकटा चेहरा ही सुंदर वस्तू असते. शेजारी शेजारी ठेवलेल्या चेहऱ्यांतून माणसाचं आयुष्य दिसू लागतं.

चिकलिनच्या उसाच्या मळ्यात

त्रुहियो शहराच्या उत्तरेला चिकामा नदीचं खोरं आहे. दोन्ही बाजूंना वाळवंट आणि मधे नदीच्या पाण्यावर पोसलेली हिरवी पट्टी. तिथे चिकलिन नावाचा उसाचा मोठा मळा होता, लार्को घराण्याचा. घराचे कर्ते राफाएल लार्को एरेरा हे मळेवाले तर होतेच, पुढे 1939 ते 1945 या काळात ते पेरूचे उपराष्ट्राध्यक्षही झाले. जुन्या वस्तूंची त्यांना आवड होती. पण जमवलेला संग्रह त्यांनी स्पेनला, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाला, देऊन टाकला होता.

त्यांचा मुलगा राफाएल लार्को ओयले याचा जन्म 18 मे 1901 रोजी चिकलिनलाच झाला. शाळकरी वयातच त्याला अमेरिकेला पाठवलं गेलं. तिथे त्याने शेतीशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि 1923 मध्ये तो मळ्यावर परतला. हातात उसाच्या शेतीचं नवं ज्ञान होतं. परतल्यावर त्याने पाहिलं ते असं: ज्या जमिनीवर आपण ऊस लावतो तिच्याच पोटात, आणि आजूबाजूच्या मातीच्या विटांच्या पडक्या ढिगाऱ्यांखाली, दीड हजार वर्षांपूर्वीची माणसं त्यांच्या भांड्यांसकट झोपली आहेत. चोरटे ती थडगी उकरतात, भांडी विकतात, आणि ती भांडी देशाबाहेर जातात.

1925 मध्ये वडिलांनी आपले मेहुणे आल्फ्रेदो ओयले यांच्याकडून सुमारे 600 भांड्यांचा संग्रह विकत घेतला. तो लावून ठेवायचं काम राफाएल यांनी अंगावर घेतलं, आणि तेच पुढे त्यांचं आयुष्य झालं. वर्षभरात त्यांनी रोआ आणि कारांसा या दोन कुटुंबांकडचे मोठे संग्रह मिळवले. चिकामा, विरू, त्रुहियो, चिंबोते या भागांतले लहान संग्रह घेतले. पेरूचा स्वातंत्र्यदिन 28 जुलै. 1926 च्या त्या दिवशी मळ्यावरच्या एका छोट्या इमारतीत संग्रहालय उघडलं. संस्थापक होता पंचवीस वर्षांचा, आणि संस्थेला त्याने नाव दिलं वडिलांचं.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. संग्रहातली बरीच भांडी विकत घेतलेली होती. कुठल्या थडग्यातून, कुणाच्या हातापाशी, कुठल्या भांड्याच्या शेजारून ती निघाली, याची नोंद त्यांच्याबरोबर आली नाही. थडगं उकरणाऱ्याने भांडं उचललं त्या क्षणी त्याची अर्धी कहाणी मातीत मिसळली. लार्कोंना हे नीट कळत होतं. म्हणून त्यांनी स्वतः चिकामा, विरू, सांता या खोऱ्यांत दफनभूमी खणल्या आणि थडग्यांमधल्या वस्तूंची मांडणी टिपून ठेवली. आणि ज्या भांड्यांचं ठिकाण कायमचं हरवलं होतं, त्यांना त्यांनी निदान सोबत मिळवून दिली.

हातात घेतलेलं एक डोकं

या भांड्यांबद्दल पुढे काही सांगण्याआधी त्यांतलं एक जवळून पाहू या.

उंची वीतभर ते दीड वीत. बुडाला सपाट, वर मानेपासून चेहरा सुरू होतो. गालाची हाडं किंचित वर आलेली. नाकाच्या दोन्ही बाजूंनी ओठांच्या कडेपर्यंत उतरणारी घडी, चाळिशीकडे झुकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असते तशी. ओठ मिटलेले, पण दाबून मिटलेले नाहीत. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पांढरट मातीचा लेप, बुबुळ गडद. डोक्याला गुंडाळलेलं कापड, त्यावर नक्षी. कानात जाड नळीसारखे अलंकार. गालांवर रंगाचे पट्टे, बहुधा त्या माणसाच्या अंगावर खरोखर काढलेले असतील तसेच. आणि डोक्याच्या मागून निघते एक पोकळ नळी. ती रिकिबीसारखी कमान घेऊन पुन्हा डोक्यातच उतरते, आणि कमानीच्या माथ्यावरून सरळ वर जाते ते भांड्याचं तोंड. उचलायला मूठही तीच आणि ओतायला तोंडही तेच.

साच्यातून गणपती काढताना ज्याने पाहिलं आहे त्याला मोचे कुंभाराची रीत लगेच कळेल. आधी भरीव मातीचा चेहरा हाताने घडवायचा. खरी कारागिरी इथे. मग त्यावर ओली माती थापून दोन अर्ध्यांचा साचा काढायचा, पुढचा आणि मागचा. साचा भाजून पक्का झाला की त्याच्या आत मातीची पोळी बोटांनी दाबत बसवायची, दोन्ही अर्धे जोडायचे, सांधा घासून गुळगुळीत करायचा. रिकिबीची नळी वेगळी करून चिकटवायची. मग लाल आणि पिवळसर-पांढऱ्या मातीचे पातळ लेप, त्यांनीच रंगकाम, आणि शेवटी भाजणी. बाहेरून असं भांडं आरशासारखं नितळ दिसतं. पण फुटलेल्या तुकड्याची आतली बाजू पाहिली तर साच्यात माती दाबणाऱ्या बोटांचे ठसे तिथे तसेच राहिलेले असतात.

साचा एकच असला तरी त्यातून निघालेली भांडी सारखीच दिसतील असं नाही. एकाच्या डोक्यावरचं कापड पट्ट्यापट्ट्यांचं, दुसऱ्याच्या कापडावर पक्षी. एकाच्या गालावर रंग, दुसऱ्याचा चेहरा स्वच्छ. म्हणजे एकाच माणसाला कुंभाराने वेगवेगळ्या पोशाखांत, वेगवेगळ्या प्रसंगांना उभं केलं. चिकामा खोऱ्यातच सेरो मायाल या ठिकाणी 1990 च्या दशकात झालेल्या उत्खननात मोचे कुंभारांची कार्यशाळा सापडली. म्हणजे भांडी घडवण्याचं काम तिथे मोठ्या प्रमाणावर, जागा ठरवून होत होतं. हे एखाद्या हौशी हाताचं काम नव्हतं.

आणि ही भांडी केवळ मेलेल्यांसाठीही नव्हती. कित्येकांच्या कडा घासलेल्या, टवके उडालेल्या आहेत. म्हणजे थडग्यात जाण्याआधी ती लोकांच्या हातांत फिरली होती. त्या माणसाचा चेहरा हातात धरून कुणीतरी त्यातून पेय ओतलं होतं.

नळीच्या वळणावरून काळ

चिकलिनच्या दालनात हजारो भांडी एकत्र आली तेव्हा एक अडचण समोर उभी राहिली. यांतलं आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं? 1899-1900 मध्ये जर्मन संशोधक माक्स ऊले यांनी मोचे गावाजवळ वाका दे ला लुना या पिरॅमिडच्या पायथ्याशी उत्खनन केलं होतं, आणि पुढे आल्फ्रेड क्रोबर यांनी त्या वस्तूंचा अभ्यास केला होता. पण या संस्कृतीला तेव्हा स्वतःचं नावही नव्हतं. नंतर आलेल्या चिमू राज्याची आधीची पायरी, अशीच तिची ओळख होती. ‘मोचिका’ हे नाव रुजवलं ते लार्कोंनी. ‘लोस मोचिकास’ या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड 1938 मध्ये निघाला, दुसरा 1939 मध्ये. ऊस पिकवणाऱ्या माणसाने, विद्यापीठाचा आधार नसताना, मळ्यावर बसून एका संस्कृतीचा पाया लिहून काढला.

काळाचं कोडं त्यांनी सोडवलं ते पाहण्याच्या सवयीतून. चेहऱ्यांपेक्षा नळीकडे बघा, असं त्यांचं म्हणणं. चेहरा माणसागणिक बदलतो. नळी घडवण्याची पद्धत मात्र कुंभारांच्या पिढीबरोबर बदलते. पहिल्या टप्प्यात तोंड बुटकं, आणि कडेला ठसठशीत ओठ. दुसऱ्यात तोंड उंचावतं आणि तो ओठ नाजूक होतो. तिसऱ्यात तोंड वर थोडं फाकतं. चौथ्यात ते उंच आणि सरळ होतं, ओठ नाहीसा होतो. पाचव्यात ते वर जाताना निमुळतं होतं. असे पाच टप्पे त्यांनी मांडले आणि 1948 मध्ये उत्तर पेरूचा संपूर्ण कालक्रम प्रसिद्ध केला. त्याआधी, 1940 च्या दशकात, कुपिस्निके, सालिनार, विरू अशा मोचेंच्याही पूर्वीच्या संस्कृती त्यांनी एकेक करून वेगळ्या ओळखल्या होत्या.

हे सगळं कपाटांसमोर उभं राहून झालेलं काम आहे, हे विसरू नये. भांडी जगभर विखुरलेली असती तर नळीच्या ओठातला तो अर्ध्या बोटाचा फरक कुणाच्या डोळ्यांत भरला असता? शेजारी ठेवण्याचं मोल इथे पहिल्यांदा सिद्ध झालं.

1946 मध्ये विरू खोऱ्यात अमेरिकन पुरातत्त्वज्ञांचा मोठा प्रकल्प चालू होता. विल्यम डंकन स्ट्राँग, गॉर्डन विली अशी त्या काळातली मोठी नावं त्यात होती. त्या वर्षी ही मंडळी चर्चेसाठी जमली ती चिकलिनला, लार्कोंच्या संग्रहालयात. एका खाजगी मळ्यावरची इमारत उत्तर पेरूच्या अभ्यासाची पंढरी झाली, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

पुढच्या संशोधनाने त्या पाच टप्प्यांना मर्यादाही घातली. पुरातत्त्वज्ञ क्रिस्टोफर डोनन आणि लुइस हाइमे कास्तियो यांनी 1990 च्या दशकात दाखवून दिलं की हा क्रम दक्षिणेकडच्या मोचे, चिकामा, विरू अशा खोऱ्यांना लागू पडतो. उत्तरेकडच्या खोऱ्यांत भांड्यांची वाटचाल वेगळी झाली. दक्षिणेच्या कपाटांवर बेतलेलं शास्त्र उत्तरेला पुरलं नाही. पण लार्कोंचं मोल त्यामुळे कमी होत नाही. आजही दक्षिणेतलं भांडं हातात आलं की अभ्यासक आधी नळीच पाहतो.

मळ्यातून राजधानीत

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला संग्रह चिकलिनहून लिमाला आला. हजारो नाजूक भांडी किनाऱ्याने पाचशेहून अधिक किलोमीटर खाली आणायची, हे काही साधं काम नव्हतं. नवं घर म्हणून निवडलेला वाडा अठराव्या शतकातला, आणि तो उभा आहे सातव्या शतकातल्या एका पिरॅमिडच्या जागेवर. म्हणजे आज पाहुणा चढत्या वाटेने आत शिरतो तेव्हा तो खरं तर एका प्राचीन ढिगाऱ्यावरच चढत असतो.

स्थलांतराने संस्थेचं स्वरूप पालटलं. चिकलिनला ती अभ्यासकाची खोली होती. लिमात ती देशाची झाली. उत्तर किनाऱ्यापासून फार लांब राहणाऱ्या पेरूवासीयांना आपल्या देशात एके काळी माणसांचे असे चेहरे घडवले जात होते हे पाहता आलं. वाड्यात शिरणाऱ्या शाळकरी मुलाला त्यांतले काही चेहरे आपल्या मामासारखे, शेजाऱ्यासारखे वाटतात, आणि त्यात नवल नाही. त्या खोऱ्यांतून आजही तसेच चेहरे रस्त्याने चालताना दिसतात.

सबंध माणसाचं दालन

मोचे कुंभार चेहऱ्यापाशी थांबले नाहीत. सबंध शरीर त्यांनी मातीत आणलं, आणि शरीर जसं असतं तसं. आंधळा माणूस. एका डोळ्याचा माणूस. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडलेला माणूस. पाय तोडलेला माणूस. नाक आणि ओठ झडलेला माणूस. डोंगरउतारांवर माशीच्या चाव्याने पसरणाऱ्या ‘उता’ नावाच्या रोगाने असं होतं, आणि वैद्यकाचा इतिहास लिहिणारे ही भांडी पुरावा म्हणून दाखवतात. बाळंत होणारी बाई आणि तिला मागून धरणारी सुईण. मुलाला पाजणारी आई. ओझं वाहणारा. डोक्याखाली हात घेऊन निजलेला.

आणि स्त्री-पुरुषांचा संगही. या भांड्यांकडे बराच काळ कुजबुजत पाहिलं गेलं. लार्कोंनी त्यांचा अभ्यास इतर भांड्यांच्या बरोबरीने केला आणि 1965 मध्ये ‘चेकान’ नावाचा ग्रंथ काढला. उत्तर किनाऱ्यावरच्या आता बोलल्या न जाणाऱ्या मुचिक भाषेत या शब्दाचा अर्थ प्रेम. लिमाच्या वाड्यात या भांड्यांसाठी वेगळं दालन आहे. त्यातही लार्कोंची पद्धत तीच: लपवायचं नाही, वेगळं काढून तमाशाही करायचा नाही, प्रत्येक भांडं इतरांशेजारी ठेवायचं आणि ते काय सांगतं ते ऐकायचं. शरीराच्या सगळ्या अवस्था एका छताखाली आल्या तेव्हा लक्षात येतं की मोचे लोकांना देह लाजिरवाणा वाटत नव्हता. त्यांच्या दृष्टीने देह म्हणजे जन्म, भूक, रोग, शेज आणि मरण, आणि हे सगळं एकाच मातीचं.

एक उणीव मात्र मन खाते. ओळखू येतील अशा व्यक्तिचित्रांत जवळपास सगळे पुरुष आहेत. थोडी मुलं आहेत. स्त्रिया भांड्यांवर आहेत, पण ‘ही अमुक एक स्त्री’ असं म्हणता येईल असा चेहरा घडवला गेला नाही. मोचे समाजात बायकांच्या हाती सत्ता नव्हती असंही नाही. 2006 मध्ये चिकामा खोऱ्यातच वाका काओ व्हिएहो इथे एका सत्ताधारी स्त्रीची समाधी सापडली. तिच्या हातांवर साप आणि कोळ्यांची गोंदणं होती आणि शेजारी गदा होत्या. काओची राणी म्हणून ती आता जगाला माहीत आहे. तिचं शरीर उरलं; तिचा चेहरा मातीत कुणी घडवला नाही.

संस्थापकानंतर

23 ऑक्टोबर 1966 रोजी राफाएल लार्को ओयले लिमात वारले. वय 65. एका माणसाच्या ध्यासावर उभ्या राहिलेल्या संस्था त्या माणसाबरोबर संपतात, किंवा तुकड्यातुकड्यांनी विकल्या जातात. लार्कोंच्या बाबतीत तसं घडलं नाही. त्यांची मुलगी इसाबेल लार्को दे आल्वारेस काल्देरोन यांनी संग्रहालयाची धुरा उचलली. पुढे नातू आंद्रेस आल्वारेस काल्देरोन लार्को यांच्याकडे ती आली. तीन पिढ्यांनी संग्रह अखंड ठेवला, ही या वाटचालीतली सगळ्यात कमी बोलली जाणारी आणि सगळ्यात मोठी गोष्ट. 2001 मध्ये ‘लोस मोचिकास’ हा ग्रंथ संस्थापकाच्या हयातीत न छापलेल्या भागांसह संग्रहालयाने पुन्हा प्रसिद्ध केला. ज्याने एवढे चेहरे जपले त्याचे कागदही घरच्यांनी जपले.

तिकडे उत्तर किनाऱ्यावर पुरातत्त्व नवं वळण घेत होतं. 1929 च्या कायद्यानेच पेरूतल्या पुरावशेषांवर राष्ट्राचा हक्क सांगितला गेला होता, पण चोरटी उकरणी थांबली नव्हती. 1987 मध्ये सिपान इथे एका थडग्याची लूट झाल्याचं कळताच पुरातत्त्वज्ञ वाल्तेर आल्वा यांनी तिथे उत्खनन हाती घेतलं, आणि सोन्याच्या अलंकारांनी मढलेल्या एका मोचे अधिपतीची अस्पर्श समाधी सापडली. तोवर भांड्यांवरच्या चित्रांत दिसणारे पेहराव कल्पनेतले, देवादिकांचे वाटत होते. आता ते खऱ्या माणसाच्या हाडांवर दिसले.

1991 पासून वाका दे ला लुनावर सांतियागो उसेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सलग काम केलं. तिथल्याच एका चौकात 1990 च्या दशकात स्तीव बुर्जे यांना बळी दिलेल्या सत्तरहून अधिक पुरुषांचे सांगाडे मिळाले. त्यांच्या बरोबर होते कच्च्या मातीचे पुतळे: मांडी घालून बसलेले, नग्न, गळ्यात दोर असलेले पुरुष. मुद्दाम फोडून टाकलेले. देह आणि त्याची मातीची प्रतिमा, दोन्हींचा शेवट एकाच जागी झाला होता.

ओठावरचा व्रण

आता पुन्हा भांडारातल्या डोक्यांकडे येऊ.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले क्रिस्टोफर डोनन यांनी जगभरच्या संग्रहांतली मोचे व्यक्तिचित्रं गोळा करून पाहिली. लार्को संग्रहालयातली तर होतीच, युरोप-अमेरिकेतलीही. 900 हून अधिक भांडी. त्यांवरचा ग्रंथ 2004 मध्ये निघाला. एवढे चेहरे एकमेकांशेजारी ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की काही चेहरे पुन्हा पुन्हा येतात. त्यांतला एक माणूस त्याच्या वरच्या ओठावरच्या लहानशा व्रणामुळे ओळखता येतो. डोनन यांनी त्याला नाव दिलं ‘कापल्या ओठाचा’.

त्याची चाळिसांहून अधिक भांडी सापडली. सगळ्यात लहान वयाचा चेहरा दहाएक वर्षांच्या मुलाचा. सगळ्यात मोठा तिशी ओलांडलेल्या पुरुषाचा. मधे त्याचा किशोर चेहरा आहे, तरुण चेहरा आहे. गोबरे गाल ओसरत जातात, जबडा रुंदावतो, नाकाखालच्या घड्या उमटतात. पोशाख बदलतो, डोक्यावरचं कापड बदलतं. व्रण बदलत नाही. मूल आणि पुरुष यांचे साचे अर्थातच वेगळे. प्रत्येक वयासाठी कुणीतरी नव्याने मातीचा चेहरा घडवला, आणि प्रत्येक वेळी आठवणीने तो व्रण त्या जागी कोरला.

का घडवले गेले हे चेहरे? लार्कोंचं मत असं होतं की ही सत्ताधाऱ्यांची चित्रं आहेत, आणि अधिपतीचा चेहरा खोऱ्याखोऱ्यांत पोचावा म्हणून भांडी वाटली जात. डोनन यांनी त्यात भर घातली ती अंगावर काटा आणणारी आहे. ज्यांचे चेहरे मानाच्या पोशाखात घडवले गेले, त्यांपैकी काही माणसं इतर भांड्यांवर बंदिवान म्हणून दिसतात: अलंकार काढून घेतलेली, गळ्यात दोर, बळीच्या वाटेवर. म्हणजे एका माणसाचं बालपण, मानमरातब आणि हार हे सगळं मातीत उतरवलं गेलं. वाका दे ला लुनाच्या चौकातले ते फोडलेले पुतळे इथे पुन्हा डोळ्यांसमोर येतात.

लार्कोंच्या चौथ्या टप्प्यात, उंच सरळ नळीच्या काळात, ही व्यक्तिचित्रं ऐन बहरात येतात. आणि मग थांबतात. पाचव्या टप्प्यात ती जवळपास दिसत नाहीत, आणि नंतरच्या चिमू भांड्यांत चेहरे असले तरी ती ओळख नसते. एका समाजाला एकेका माणसाचा चेहरा आठवणीत ठेवावासा वाटला, तो काही पिढ्यांपुरताच.

कलेच्या इतिहासात त्या चेहऱ्यांचा एक लहानसा पडसाद मात्र उमटला, आणि तोही आठवणीतूनच. फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ याच्या बालपणातला काही काळ लिमात गेला होता, आणि त्याच्या आईकडे पेरूतल्या जुन्या भांड्यांचा संग्रह होता. 1889 मध्ये त्याने स्वतःच्या चेहऱ्याचा मातीचा कुजा घडवला. मिटलेले डोळे, कान नसलेला, लाल ओघळांचा. आज तो कोपनहेगनमध्ये आहे. त्याच्याकडे पाहिलं की लहानपणी घरात पाहिलेली भांडी हातांना किती वर्षं आठवतात ते कळतं.

शंभरीत

2003 मध्ये कुस्को शहरात लार्को संग्रहातल्या सुमारे 450 निवडक वस्तूंचं वेगळं संग्रहालय उघडलं. 2010 च्या सुमारास लिमाच्या वाड्यातली दालनं नव्या मांडणीने सजली. संग्रहातल्या सुमारे 45,000 वस्तूंची छायाचित्रांसह सूची संगणकावर सगळ्यांसाठी खुली झाली. आता पुण्यात किंवा पणजीत बसलेला विद्यार्थीही एकेका भांड्याचा नोंदणी क्रमांक घालून ते पाहू शकतो. वाका दे ला लुनाच्या परिसरात आजचे कारागीर त्याच रीतीने साचे काढून वाको रेत्रातो घडवतात आणि विकतात. हे सगळं महत्त्वाचं आहे, आणि संस्थेने त्याचा अभिमान जरूर बाळगावा.

पण शंभरीच्या निमित्ताने मला त्या उघड्या भांडाराचं सर्वांत जास्त कौतुक वाटतं. संग्रहालयं निवडतात. जे सर्वांत देखणं ते दिव्याखाली, बाकीचं अंधारात. लार्कोंनी उरलेल्यांनाही उजेडात ठेवलं. दिव्याखालच्या दालनात एखादा थोर अधिपती एकटा उभा असतो, आणि त्याच्याकडे पाहून माणूस थक्क होतो. भांडारात मात्र तो आपल्या माणसांत असतो. शेजारी त्याच साच्यातून निघालेला, नाक फुटलेला जोडीदार. पलीकडे सांधा नीट न घासलेला एक. खालच्या फळीवर आंधळा. तिथे थक्क व्हायला होत नाही. तिथे माणूस ओळखीचे चेहरे शोधू लागतो.

कापल्या ओठाच्या त्या माणसाचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही. ज्याने त्याचं बालपण घडवलं आणि ज्याने त्याची तिशी घडवली ते कुंभार एकच होते की वेगवेगळे, तेही नाही. पण दोन्ही वेळी तो व्रण चुकला नाही. त्यांनी खूण ठेवली ती पुढे कुणी ओळखावं म्हणून, आणि ओळखायला लागणारी जागा, म्हणजे एकमेकांशेजारची दोन रिकामी फळकुटं, चिकलिनच्या मळ्यावरच्या एका पंचवीस वर्षांच्या तरुणाने करून दिली. संस्था म्हणून यापेक्षा मोठं काम दुसरं कोणतं असेल, मला सांगता येत नाही.